घरच्या टेबलासाठी पहिला मिक्स्ड-सिग्नल स्कोप : सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

दोन उन्हाळ्यांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून माझ्याकडे पिक काउंटर दुरुस्तीला आला. मागाने पाळीत किती पिक मारले, म्हणजे आडवा धागा किती वेळा टाकला, एवढंच मोजणारी साधी वस्तू. एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, एक डिस्प्ले. माझ्या टेबलावर तासन्‌तास बरोबर चालायचा आणि कारखान्यात लावला की दहा-वीस पिक जादा दाखवायचा. जॉबर, म्हणजे तिथला माग दुरुस्त करणारा, म्हणाला, "शेजारचा माग बंद केला की आकडा उडी मारतोय बघा."

मल्टिमीटरवर पाच व्होल्ट स्थिर दिसत होते. स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर (वायरींवरचे शून्य-एक टिपणारं यंत्र) लावला, तर जादा पल्स येताना दिसल्या, पण कशामुळे येतात ते कळेना. शेवटी मित्राकडून मिक्स्ड-सिग्नल स्कोप (एमएसओ), म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप, मागून आणला. एक ॲनालॉग प्रोब सेन्सरच्या वायरवर, एक पाच व्होल्टच्या लाइनवर, आणि डिजिटल वायरी कंट्रोलरच्या पिनांवर. शेजारच्या मागाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटला, त्या क्षणी सेन्सरच्या लांब वायरवर वीसेक मायक्रोसेकंदांचा खड्डा पडला आणि बरोबर त्याच्या खाली, डिजिटल ओळीत, एक पिक मोजला गेला. एकच पडदा, वेळेची एकच पट्टी. एक किलो-ओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शील्डेड वायर एवढ्यावर काम भागलं. मिनिटाला सव्वाशे पिक म्हणजे दोन पिकांमध्ये जवळजवळ अर्धा सेकंद असतो. त्या रेझिस्टर-कपॅसिटरचा शंभर मायक्रोसेकंदांचा फिल्टर तिथे खरा पिक अडवत नाही, खोटा तेवढा गाळतो.

मिक्स्ड-सिग्नल स्कोप म्हणजे नेमकं हेच. दोन किंवा चार ॲनालॉग चॅनल, जे व्होल्टेजचा खरा आकार दाखवतात. आणि बहुतेक वेळा सोळा डिजिटल चॅनल, जे फक्त शून्य की एक एवढंच सांगतात. दोघांचं घड्याळ आणि ट्रिगर (कोणत्या क्षणी टिपायचं ते ठरवणारी खूण) एकच. हे मिश्रण १९९६ मध्ये हेवलेट-पॅकार्डने ५४६४५डी या मॉडेलमध्ये पहिल्यांदा बाजारात आणलं. तेव्हा ते कंपन्यांनाच परवडायचं. आज ते घरच्या टेबलावर येऊ शकतं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला असलेली मुलं, मागाचे बोर्ड दुरुस्त करणारे, टीव्ही-इन्व्हर्टरच्या कामातून मायक्रोकंट्रोलरकडे वळलेले असे अनेकजण मला एकच प्रश्न विचारतात : "कोणता घेऊ?" मी उलट विचारतो : "बघायचंय काय?" उत्तर येईपर्यंत मॉडेलचं नाव काढत नाही.

पहिली पायरी : वहीत सिग्नल लिहा

एक पान घ्या आणि येत्या वर्षभरात टेबलावर येणारी कामं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी : सर्वांत जास्त व्होल्टेज किती, सर्वांत वेगवान सिग्नल किती, आणि एका वेळी किती वायरी बघाव्या लागतील.

माझ्या पानावर असं होतं. आर्डुइनो आणि ईएसपी३२ चे बोर्ड, ३.३ आणि ५ व्होल्ट. आरटीसी (घड्याळाची चिप) आणि डिस्प्लेसाठी आयटूसी, म्हणजे चिपांनी आपसात बोलायची एक पद्धत, ४०० किलोहर्ट्झपर्यंत, दोन वायरी. एसडी कार्डसाठी एसपीआय ही तशीच पण वेगवान पद्धत, ८ मेगाहर्ट्झ, चार वायरी. मागाच्या ड्राइव्हशी (मोटर चालवणाऱ्या युनिटशी) बोलायला आरएस-४८५, ९६०० च्या बॉडरेटवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरच्या ए आणि बी अशा दोन वायरी. एसएमपीएस पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवरचा बारीक चढउतार), काही मिलिव्होल्ट. आणि अधूनमधून ड्राइव्हची पॉवर बाजू. हिच्याबद्दल पुढे वेगळं सांगेन, कारण तिथे नवशिक्याने प्रोब घेऊन जायचंच नाही.

हे पान लिहिलं की अर्धी जाहिरात आपोआप निरर्थक होते. ज्याच्या यादीत ४०० किलोहर्ट्झच्या वर काही नाही, त्याला २०० मेगाहर्ट्झ विकणारा दुकानदार त्याचं नुकसान करतोय.

दुसरी पायरी : एमएसओ खरंच लागतो का?

याचं उत्तर बऱ्याचजणांसाठी "आज नाही" असं आहे, आणि मी ते मोकळेपणाने सांगतो. आयटूसीवर काय बाइट गेले, यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) काय आलं, एवढंच बघायचं असेल, तर आठ चॅनलचा, २४ मेगासॅम्पलचा (सेकंदाला २.४ कोटी वेळा बघणारा) यूएसबी लॉजिक ॲनालायझर हजाराच्या आत मिळतो. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याशी चालतं आणि डझनावारी प्रोटोकॉल उलगडून दाखवतं. शिकायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. कॉलेजातल्या प्रत्येक मुलाने आधी हे घ्यावं.

पण त्याची मर्यादा पक्की डोक्यात ठेवा. लॉजिक ॲनालायझर व्होल्टेज बघतच नाही. ठरावीक उंबरठ्याच्या वर की खाली, एवढंच बघतो. आयटूसीचं उदाहरण घ्या. ओळीवर ४.७ किलो-ओहमचा पुल-अप (ओळ वर खेचून धरणारा रेझिस्टर) आहे आणि लांब वायरीमुळे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स झालाय. अशा ओळीला शून्यावरून वर चढायला सुमारे ४०० नॅनोसेकंद लागतात. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला नियमाने ३०० पेक्षा जास्त चालत नाहीत. ॲनालॉग चॅनलवर तुम्हाला चौकोनाऐवजी शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा आकार दिसतो आणि लगेच कळतं की पुल-अप २.२ किलोचा लावायला हवा; मग तोच वेळ १९० च्या आत येतो. लॉजिक ॲनालायझरवर मात्र सगळं स्वच्छ चौकोनी दिसतं, आणि कधीतरी एखादा बाइट चुकतो. तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता. रात्र जाते.

तेव्हा माझा हिशेब असा. फक्त प्रोटोकॉल बघायचा असेल तर लॉजिक ॲनालायझर. फक्त पॉवर सप्लाय, ऑडिओ, इन्व्हर्टर असेल तर साधा डीएसओ, म्हणजे फक्त ॲनालॉग चॅनलचा डिजिटल स्कोप. मोटर, रिले, कॉन्टॅक्टर यांच्या शेजारी मायक्रोकंट्रोलर बसवायचा असेल, म्हणजे सोलापुरातल्या मागाचं काम असेल, तर दोन्ही एकत्र दिसायला हवं. आणि त्यातही चार ॲनालॉग चॅनल असले तर निम्म्याहून जास्त कामं डिजिटल चॅनल न वापरताच होतात, हा माझा अनुभव आहे. दोन ॲनालॉग आणि सोळा डिजिटल की चार ॲनालॉग आणि डिजिटल नंतर, असा प्रश्न आला तर मी डोळे मिटून दुसरं निवडतो.

तिसरी पायरी : चार आकडे वाचायला शिका

बँडविड्थ, म्हणजे स्कोप किती वेगवान सिग्नल दाखवू शकतो त्याची मर्यादा. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह त्यावर खऱ्या उंचीच्या सुमारे ७० टक्केच दिसते. हा मर्यादेचा आकडा आहे, आरामाचा नाही. चौकोनी लाटेसाठी तिच्या वारंवारितेच्या निदान पाचपट बँडविड्थ धरतात. म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयला ४० हवेत. ५० ला भागतं, १०० ला निवांत. दुसरं गणित चढत्या कडेचं : ०.३५ ला बँडविड्थने भागलं की स्कोप स्वतः किती वेळात चढू शकतो ते मिळतं. ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद, १०० ला साडेतीन. याहून तीव्र कड तुमच्या बोर्डवर असेल, तर पडद्यावर तुम्ही बोर्ड नव्हे, स्कोप बघताय. माझं मत : ७० ते १०० मेगाहर्ट्झ घरच्या टेबलाला पुरतं. वरचे पैसे मेमरीत आणि प्रोबमध्ये घाला.

सॅम्पल रेट, म्हणजे स्कोप सेकंदाला किती वेळा व्होल्टेज मोजतो. इथे जाहिरातीतला आकडा एका चॅनलचा असतो आणि तो चॅनलमध्ये वाटला जातो. रिगोल डीएस१०५४झेड हा वर्षानुवर्षं घराघरांत गेलेला स्कोप एका चॅनलवर १ गिगासॅम्पल घेतो आणि चारही लावले की प्रत्येकी २५० मेगासॅम्पल. त्याच घराण्यातल्या १०० मेगाहर्ट्झच्या मॉडेलवर चारही चॅनल लावले, तर हे बँडविड्थच्या जेमतेम अडीचपट होतं. सिग्लेंट एसडीएस११०४एक्स-ई मध्ये दोन एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपा) आहेत. एक आणि दोन नंबरचे चॅनल एका एडीसीवर, तीन आणि चार दुसऱ्यावर. दोनच सिग्नल बघायचे असतील तर एक आणि तीन वापरा, दोघांनाही पूर्ण १ गिगासॅम्पल मिळतात. एवढी छोटी सवय, पण वर्षानुवर्षं स्कोप वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

मेमरी. नवशिके याकडे बघतच नाहीत आणि मिक्स्ड-सिग्नल कामात हीच सगळ्यात आधी संपते. गणित सोपं : मेमरीला सॅम्पल रेटने भागा, म्हणजे किती वेळ साठवता येईल ते कळतं. १ कोटी पॉइंटची मेमरी आणि १ गिगासॅम्पलचा वेग, म्हणजे फक्त १० मिलिसेकंद. ९६०० बॉडवर एक अक्षर जायला १ मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. म्हणजे जेमतेम नऊ अक्षरं पकडली जातील. वेग कमी करून १० मेगासॅम्पलवर आणला तर त्याच मेमरीत पूर्ण एक सेकंद मावतो, आणि ९६०० बॉडला तो वेग पुरून उरतो. एका जमान्यात नावाजलेल्या डीएसओत अडीच हजार पॉइंट असायचे. सेकंडहँड घेताना हा आकडा आधी विचारा. माझी खालची मर्यादा १ कोटी पॉइंटची, म्हणजे १० मेगापॉइंट.

बिट. बरेच जुने स्कोप ८ बिटचे, म्हणजे उभ्या पट्टीचे २५६ भाग. पडद्यावर ८ व्होल्टची उंची असेल तर एक पायरी ३१ मिलिव्होल्टची. १२ बिटमध्ये ४०९६ भाग, पायरी २ मिलिव्होल्टची. पाच व्होल्टच्या लाइनवरचा बारीक रिपल किंवा लोडसेलचा (वजन मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल बघताना हा फरक डोळ्यांना दिसतो. गेल्या काही वर्षांत १२ बिटचे स्कोप जुन्या ८ बिटवाल्यांच्या किमतीत आले आहेत. नवा घेत असाल तर आता १२ बिटच घ्या. या एका बाबतीत मी आग्रही आहे.

चौथी पायरी : "१६ डिजिटल चॅनल" म्हणजे डब्यात काय?

इथे फसगत होते. खोक्यावर १६ डिजिटल चॅनल लिहिलेलं असतं, आत मात्र समोरच्या बाजूला एक रिकामा सॉकेट असतो. त्यात लावायचा लॉजिक प्रोब वेगळा, त्याची किंमत वेगळी, आणि काही मॉडेलना वर सॉफ्टवेअरचं लायसन्सही वेगळं. दोन्ही धरले तर कधीकधी स्कोपच्या निम्म्या किमतीएवढा भुर्दंड बसतो. कोटेशन मागताना "स्कोप, लॉजिक प्रोब, लायसन्स, १८ टक्के जीएसटी आणि सोलापूरपर्यंतची डिलिव्हरी, सगळं मिळून किती" असं एकाच वाक्यात विचारा आणि लेखी घ्या.

इंटरनेटवर फुकटच्या लायसन्स-की मिळतात. मी वापरत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. वॉरंटीत स्कोप परत पाठवायची वेळ आली की मग तोंड लपवावं लागतं.

डिजिटल चॅनलबद्दल आणखी तीन गोष्टी विचारा. उंबरठा बदलता येतो का? ३.३ व्होल्टच्या सीमॉस चिपांना तो १.६५ च्या आसपास हवा, टीटीएल या जुन्या ५ व्होल्टच्या चिपांना १.४. बहुतेक स्कोपवर आठ-आठ चॅनलच्या गटाला एकच उंबरठा लावता येतो. म्हणून ५ व्होल्टच्या वायरी एका गटात आणि ३.३ च्या दुसऱ्या गटात लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा. दुसरं, डिजिटल चॅनलवरून प्रोटोकॉल उलगडता येतो का, आणि त्यावर ट्रिगर लावता येतो का? "हा पत्ता आला की थांब" असा ट्रिगर हा एमएसओचा खरा जीव आहे. तिसरं, उलगडणं पडद्यावर दिसतं तेवढ्याचंच होतं की पूर्ण मेमरीचं? पडद्यापुरतंच असेल तर लांब संवादाचा अर्थ लागत नाही.

पाचवी पायरी : नावं आणि बजेट

हजार रुपयांच्या आत यूएसबी लॉजिक ॲनालायझर, वर सांगितला तो. डीएसओ१३८ नावाचा खेळण्यासारखा किटही स्वस्तात मिळतो. त्याची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. सोल्डरिंग शिकायला उत्तम, आणि तो जुळवताना ॲटेन्युएटर, ट्रिगर म्हणजे काय ते हाताला कळतं. पण आयटूसीचा आकार तपासायला तो नको.

लॅपटॉपला जोडायची यंत्रं हा मधला रस्ता. डिजिलंटचं ॲनालॉग डिस्कव्हरी हे त्यातलं सर्वांत विचार करून बनवलेलं : दोन ॲनालॉग चॅनल, सोळा डिजिटल, सिग्नल जनरेटर, छोटा पॉवर सप्लाय, सगळं तळहातावर मावेल एवढ्यात. बँडविड्थ साधारण ३० मेगाहर्ट्झ, पण ती वेगळा बीएनसी ॲडॉप्टर (स्कोपचा प्रोब लावायचं सॉकेट) जोडल्यावर. वसतिगृहात राहणाऱ्या, टेबलावर जागा नसलेल्या विद्यार्थ्याला मी हेच सुचवतो. मात्र याची ग्राउंड वायर थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेली असते. चुकीच्या जागी क्लिप लागली तर स्कोपबरोबर लॅपटॉपही जातो. मागाच्या पॅनलपाशी हे नेऊ नका.

टेबलावरच्या स्कोपमध्ये रिगोलचा डीएचओ८०४ : १२ बिट, चार चॅनल, ७० मेगाहर्ट्झ, २५ मेगापॉइंट मेमरी, एका चॅनलवर १.२५ गिगासॅम्पल. सिग्लेंटचा एसडीएस८०४एक्स एचडी : हाही १२ बिट, चार चॅनल, ७० मेगाहर्ट्झ, २ गिगासॅम्पल. हा गट आपल्याकडे करासकट चाळीस-पन्नास हजारांच्या घरात पडतो. आता नीट लक्ष द्या : डीएचओ८०० मालिकेला डिजिटल चॅनल लागतच नाहीत, नंतरही नाहीत. दिसायला तशाच असलेल्या डीएचओ९०० मालिकेला लागतात, पीएलए२२१६ हा प्रोब वेगळा घेऊन. सिग्लेंटच्या ८०० एक्स एचडीला एसएलए१०१६ हा प्रोब नंतर जोडता येतो. एका अंकाच्या फरकाने आयुष्यभराची अडचण होते, म्हणून ऑर्डर देण्याआधी मॉडेल नंबर दोनदा मोठ्याने वाचा.

माझी निवड विचाराल, तर आज चार ॲनालॉग चॅनलचा, १२ बिटचा, लॉजिक प्रोब नंतर लावता येईल असा स्कोप घ्या. त्याच्याबरोबर तो हजाराच्या आतला लॉजिक ॲनालायझर. वर्षभर काम करा. ज्या दिवशी दोन्हींची वेळ एकमेकांशी जुळवताना हात टेकाल, त्या दिवशी प्रोब मागवा.

जुना सीआरओ, म्हणजे काचेच्या नळीच्या पडद्याचा ॲनालॉग स्कोप, कुणी देत असेल तर? कॉलेजात वापरतात तो २० मेगाहर्ट्झचा, दोन ट्रेसचा. पाच हजारांच्या आत आणि चालू असेल तर शिकायला घ्या. सलग चालणारी लाट तो सुंदर दाखवतो. पण एकदाच घडून गेलेली गोष्ट तो धरून ठेवत नाही, आणि कारखान्यातले दोष नेमके एकदाच घडून जाणारे असतात.

सहावी पायरी : स्कोपच्या आधी अर्थिंग

हा भाग मी सर्वांत काळजीने लिहितोय. कृपा करून गाळू नका.

टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची काळी ग्राउंड क्लिप तीन पिनांच्या प्लगमधून थेट घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती क्लिप म्हणजे मल्टिमीटरची काळी वायर नव्हे. पहिल्याच वर्षी मी एका एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला, ब्रिज रेक्टिफायरच्या मायनसला, ती क्लिप लावली. मायनस म्हणजे ग्राउंडच असणार, असं वाटलं. ब्रिजचा मायनस मेनच्या फेजशी अर्ध्या सायकलला थेट जोडलेला असतो. मोठा आवाज झाला, ब्रिज फुटला, क्लिपचं टोक वितळलं, एमसीबी पडली. मला काही झालं नाही, कारण अर्थिंग चांगलं होतं आणि दुसरा हात खिशात होता.

आपल्या घरात २३० व्होल्ट म्हणतो ते आरएमएस, म्हणजे परिणामकारक मोजमाप. शिखर ३२५ व्होल्टचं असतं. तीन फेजच्या ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या डीसी बसवर ५८५ च्या वर असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतात. साध्या प्रोबने तिथे जायचं नाही. अशा कामाला डिफरन्शियल प्रोब असतो, अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा. तो घेईपर्यंत ड्राइव्हची फक्त कंट्रोल बाजू बघा.

काहीजण स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात, "तरंगता" करायला. हे कधीही करू नका. तसं केल्यावर स्कोपचा पूर्ण धातूचा भाग, प्रत्येक बीएनसी सॉकेटसकट, क्लिप जिथे लावाल त्या व्होल्टेजवर जातो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरायचा तो तपासायच्या वस्तूला, स्कोपला नव्हे. आणि त्यानंतरही एक हात खिशात, कारण ट्रान्सफॉर्मरमागे आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की तुटणारा स्विच) तुम्हाला वाचवत नाही.

आता सोलापूरची गोष्ट. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये जमीन भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की मातीचा रोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालायचं काम जुने वायरमन न चुकता सांगायचे. ते खरं आहे. मल्टिमीटरने फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत असेल तर सुरुवात बरी. पण मल्टिमीटर फार कमी करंट घेतो, त्यामुळे वाईट अर्थिंगही त्याला चांगलं वाटू शकतं. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा. स्कोपच्या किमतीपुढे त्याची मजुरी काहीच नाही. जुन्या घरात दोन पिनांचेच सॉकेट असतील तर आधी तिथे अर्थिंगसकट नवं वायरिंग, मग स्कोप.

दुसरी सोलापुरी गोष्ट म्हणजे उष्णता आणि तंतू. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी सहज चाळिशीच्या वर जातं. स्कोपच्या कागदावर कामाचं तापमान लिहिलेलं असतं, काहींचं ४० अंशांपर्यंत, काहींचं ५०. ४० वाला घेतला असेल तर दुपारचं काम संध्याकाळवर ढकला. यंत्रमाग घराशेजारी असेल तर पंख्याच्या जाळीवर सुताचे तंतू बसतात. महिन्यातून एकदा ब्रशने काढा. काम संपलं की सुती कापड टाकून ठेवा, पण स्कोप बंद करून, गार झाल्यावर.

सातवी पायरी : विकत घेताना आणि खोकं उघडताना

सुटे भाग नवी पेठेत मिळाले नाहीत तर आपण पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातो; स्कोप मात्र अधिकृत वितरकाकडूनच घ्या. परदेशातून मागवला तर थोडा स्वस्त दिसतो, पण कस्टम ड्युटी धरल्यावर फरक उरत नाही आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्च तुमचा. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर दोन्ही हवेत.

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मग हे तपासा. प्रत्येक चॅनलवर प्रोब लावून समोरच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन पिनवर धरा. चारही चॅनलवर तीच उंची दिसली पाहिजे. लाटेचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसले, तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवून कोपरा काटकोनात आणा. लॉजिक प्रोब असेल तर सोळाही वायरी एकेक करून त्याच पिनवर लावून बघा. कंटाळवाणं आहे, पण पंधरावी वायर मेलेली असेल तर ती आजच कळावी.

प्रोबवरचा स्विच कायम १०एक्स वर (सिग्नल दहापट कमी करून देणारा) ठेवा. १एक्स वर बहुतेक प्रोबची बँडविड्थ पाच-सहा मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा स्कोप घेऊन तुम्ही तो स्वतःच्या हाताने मंद करता. १एक्स फक्त बारीक रिपल बघायला, स्कोपमधली २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा लावून. आणि ती लांब काळी ग्राउंड वायर वेगवान कडांवर खोटी थरथर दाखवते. बोर्डवर काही नसतं, वायरच नाचत असते. प्रोबबरोबर आलेली छोटी स्प्रिंग फेकून देऊ नका. टोपण काढून ती टोकाशी लावली की थरथर कुठे जाते ते बघा.

पहिली संध्याकाळ

टीव्हीवर मालिका बघत मॅन्युअल चाळू नका. एक ठरावीक प्रयोग करा. आर्डुइनोला डीएस३२३१ चा आरटीसी मॉड्यूल लावा आणि दर सेकंदाला वेळ वाचायचा छोटा प्रोग्रॅम चढवा. ॲनालॉग चॅनल एक डेटाच्या वायरवर, दोन क्लॉकवर. डिजिटल असतील तर त्याच दोन वायरींवर डी० आणि डी१ लावा. ट्रिगर क्लॉकवर नको, डेटाच्या खाली जाणाऱ्या कडेवर ठेवा, मोड "नॉर्मल", कारण "ऑटो" मध्ये रिकामी ओळच सारखी पळताना दिसते. आयटूसी डीकोड चालू करा, उंबरठा २.५ व्होल्ट.

आधी ॲनालॉगवर कडा चढायला किती वेळ घेतात ते कर्सरने मोजा. मग मॉड्यूलवर आधीच असलेल्या पुल-अपला समांतर आणखी एक ४.७ किलोचा रेझिस्टर लावा आणि कड किती सरळ होते ते पुन्हा मोजा. डिजिटल ओळीत या दोन्ही वेळी काहीच फरक दिसणार नाही. तोच धडा आहे आणि तो पुस्तकातून पटत नाही.

मग पत्ता वाचा. डीएस३२३१ चा पत्ता हेक्समध्ये ६८. तुमच्या पडद्यावर ६८ ऐवजी डी० हा हेक्स आकडा (वरच्या चॅनलचं नाव नव्हे) दिसला तर काही बिघडलेलं नाही : काही स्कोप सात बिटचा पत्ता वेगळा दाखवतात, काही शेवटचा वाचा-लिहा बिट त्यालाच जोडून दाखवतात. ६८ ची दुप्पट हेक्समध्ये डी०, ती लिहिण्याची. वाचताना डी१ दिसेल. सेटिंगमध्ये हा पर्याय शोधून आजच ठरवून टाका आणि वहीच्या पहिल्या पानावर, सिग्नलच्या यादीखाली, लिहून ठेवा.